न मोजलेली एकोणचाळीस काडतुसं

हे मी घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

परदेशात शिकायला गेलो, तेव्हा हॉर्नबी नावाच्या उपनगरात मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहायचो. इंजिनिअरिंगच्या डिग्रीचं पहिलं वर्ष होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. रविवारी फोनकार्डावर बोलताना ते शेवटी न चुकता विचारायचे, "जमतंय ना रे तुला सगळं?" मी हो म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

घरमालक निवृत्त फिटर होते. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मला ते जमेना. मी "सर" म्हणायचो.

"सर म्हणजे माझे शाळामास्तर, आणि ते कधीच गेले," ते म्हणायचे.

हरणाच्या शिकारीसाठी लागणारी रायफलची काडतुसं ते गॅरेजमध्ये स्वतः भरायचे. रिकाम्या पितळी काडतुसात दारू तोलून घालायची आणि वर हातप्रेसने गोळी बसवायची. गोळी किती खोल बसते, यात सगळी मेख. थोडी वर राहिली तर बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, आतल्या पिळदार खाचांमध्ये रुतते. जास्त आत गेली तर दारूला जागा कमी पडते आणि दाब इतका वाढतो की रायफल फुटू शकते. फरक केसाएवढा.

त्या वर्षी त्यांना लांबी मोजायच्या कॅलिपरवरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. त्यांची मुलगी म्हणायची, "डॅड, पुरे आता, दुकानातून आणा." त्यांना ते नको होतं. म्हणून त्यांनी मला विचारलं, "कॅलिपर वाचता येतो ना, मेट?" मेट म्हणजे दोस्त.

"येतो," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

मोजायचं गोळीच्या टोकापासून नाही, कारण टोकं मुळातच लहानमोठी असतात. गोळीचा बाक जिथे पूर्ण जाड होतो, तिथून मोजायचं. त्यासाठी कॅलिपरच्या जबड्याला एक छोटा पितळी ठोकळा लावलेला असायचा. ते प्रेसचा दांडा ओढायचे, मी मोजून वहीत लिहायचो. पन्नास काडतुसं. "एकूण एक मोज," ते म्हणाले होते.

अकरा मोजली. अकराही सारखी. परवा माझी चाचणी होती आणि ते दांडा ओढण्यात गर्क होते. मी बाराव्याचा आकडा मनाने लिहिला.

इकडे डिप्लोमाला असताना आमच्या पॉलिटेक्निकात प्रॅक्टिकलची जर्नल अशीच पूर्ण व्हायची. दोन-तीन रीडिंग घ्यायची, बाकीची बसल्या जागी पाडायची. सगळी सारखी लिहिली तर मास्तरांना संशय येतो, म्हणून शेवटचा अंक थोडा पुढे-मागे करायचा. यात माझा हात चांगला बसला होता. एकोणचाळीस आकडे मी असे लिहिले की कुणालाही खरे वाटावेत.

एप्रिलमध्ये तिकडची मोठी हरणं माजावर येऊन ओरडायला लागली, तसे आम्ही डोंगरात गेलो. सामान माझ्या पाठीवर होतं. एका ओढ्यापाशी त्यांनी रायफल भरली, बराच वेळ वाट पाहिली. काहीच दिसेना, तेव्हा पुढे चालण्यासाठी ती रिकामी करायला त्यांनी बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा खटका, मागे ओढला. नुसतं पितळ बाहेर आलं. गोळी बॅरलमध्ये अडकून राहिली होती आणि दारूचे दाणे रायफलच्या आत सांडले होते. ते दाणे फुंकत असतानाच समोरच्या उतारावर एक मोठा नर येऊन उभा राहिला. आमच्याकडे बघत राहिला. मग सावकाश निघून गेला.

ते हसले. "त्याला कळलं बघ."

घरी येऊन त्यांनी प्रेस तपासला. गोळी बसवणाऱ्या साच्याची, म्हणजे डायची, कडी ढिली होऊन डाय वर सरकली होती, त्यामुळे गोळ्या वरच राहत होत्या. मग त्यांनी वही माझ्याकडून वाचून घेतली. मी वाचली, सगळी.

"तुझे आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "म्हणजे डाय नंतर सरकली आणि मीच काहीतरी घोटाळा केला. कुठली तरी जुनी काडतुसं डब्यात मिसळली असणार. पोरगी बरोबर सांगते."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो, तर ते गॅरेजमधल्या बाकावरून प्रेस कायमचा काढत होते. चारपैकी दोन बोल्ट निघाले होते.

मी दारातच म्हणालो, "सर, मी मोजली नव्हती."

"काय?"

"काडतुसं. अकराच मोजली."

"आणि बाकीची?"

"लिहिली."

"कशावरून?"

मी जर्नलबद्दल सांगू लागलो. इंग्रजीत ते सांगताना फारच वाईट वाटत होतं, कारण एकेक शब्द नीट जुळवून बोलावा लागत होता. त्यांनी मध्येच थांबवलं.

"डाय वर न सरकता खाली सरकली असती तर? गोळी आत गेली असती तर काय होतं, सांगितलं होतं मी तुला?"

"हो."

"ती रायफल माझ्या गालाला लागलेली असते, मेट."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी काढलेले बोल्ट उचलून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते घेतले, पण लावले दोन दिवसांनी.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मोठ्या आकड्यांचा डिजिटल कॅलिपर आणला. मला वाटलं, आता मला बोलावणार नाहीत. त्यांनी बोलावलं. चहाही दिला. "मोजायचं मी बघतो, तू लिही," म्हणाले.

ते आकडा वाचायचे, मी लिहायचो. पुढचं काडतूस ते लगेच उचलत नसत. माझं पेन थांबेपर्यंत पेनाकडेच बघत राहायचे.