विल्यम डायवरचं मत

दौंडला स्टेशनाच्या पलीकडं तेव्हा पत्र्याचं एक थिएटर होतं. शुक्रवारी खेळ बदलायचा आणि शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या चाळीतले लोक विल्यम डायवरच्या ओट्याशी येऊन विचारायचे, "काय विल्यमभाऊ, बघण्यासारखा हाय का?" सत्तावन-अठ्ठावन सालची ही गोष्ट.

विल्यम यार्डात शंटिंगचं इंजिन चालवायचा. सिनेमाचा निकालही तो इंजिनाच्याच भाषेत द्यायचा.

"चढ बरा वढला. पण इंटरवलनंतर वाफच ऱ्हायली न्हाई. नुसती शिट्टी."

किंवा, "बाप झालेला मानूस तेवढा चांगला हाय. बाकी समदे रिकामे डबे."

आतून चुलीपुढून दयाबाईचा आवाज यायचा. "रिकामे कसे? ती धाकटी जाऊ बघितली का? एक अक्षर न बोलता केवढं काम केलंय तिनं! तुम्हाला मारामारी दिसली न्हाई की वाफ संपली."

"आन् तुला कुणी रडलं न्हाई की पैसे वाया गेले."

मग दोघांची जुंपायची. लोक सिनेमाचं विसरून तेच ऐकत बसायचे. कुणी दयाबाईच्या बाजूनं, कुणी विल्यमच्या. शेवटी ती परात वाजवून सांगायची, "चला उठा, भाकरी निवतीय," आणि ओटा रिकामा व्हायचा.

दोघं मूळची शिरूरच्या मिशनमधली. विल्यम तिथल्या बोर्डिंगात वाढला, त्याला आईबाप आठवत नव्हते. दयाबाईची आई गावोगाव फिरून बायकांना बायबल वाचून दाखवायची. लग्न होऊन दौंडला आल्यावर त्यांना एक मुलगा झाला आणि दीड वर्षाचा होऊन गेला. पुन्हा मूल झालं नाही. त्या मुलाबद्दल ती दोघं कधी बोलत नसत. पहिली काही वर्षं तर घरात बोलणंच नव्हतं. मग थिएटर निघालं आणि दर आठवड्याला भांडायला काहीतरी मिळालं. पाळकसाहेबांना सिनेमा पसंत नव्हता. त्यांनी एकदा विल्यमला टोकलं, तर तो म्हणाला, "साहेब, रविवार देवाचा, बाकीचे दिवस रेल्वेचे. एक शुक्रवार आमचा असू द्या." पाळकसाहेब मुलाच्या दफनाला आलेले होते. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

शेजारच्या खोलीत हौसराव सांधेवाला राहायचा, निमोण्याचा. त्याचा आजा मेंढरं राखायचा, बापानं जमीन केली आणि हा रेल्वेत आला. विल्यमचं इंजिन मागं यायचं तेव्हा डब्यांच्या मधे उभं राहून साखळी अडकवणारा हौसराव. दिवसा झेंडा दाखवायचा, अंधारात बत्ती. त्याच्या इशाऱ्यावर विल्यमनं थांबायचं. हौसराव क्वचितच सिनेमाला जायचा. म्हणायचा, "विल्यमभाऊनं सांगितला म्हंजी बघितल्यासारखाच झाला."

त्या वर्षीच्या थंडीत एक चित्रपट आला. शेवटी नायक कितीतरी वर्षांनी गावी येतो, खिडकीतून बघतो, तर त्याची ती दुसऱ्याच्या घरात लेकराला भरवत बसलेली. तो हाक मारत नाही. पायरीवर हातातली पिशवी ठेवतो आणि निघून जातो. सगळं मुकाट्यानं, मागं फक्त बासरी.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर विल्यम म्हणाला, "शेवट ग्वाड केलाय. दोघांची गाठ घालून दिली, बरं झालं."

हौसरावची बायको धुरपदा बायकांबरोबर तोच खेळ बघून आली होती. ती हसायलाच लागली. "गाठ कुठं पडली, भाऊ? तो तर खिडकीतनंच माघारी गेला की!"

लोकही हसले. विल्यम गडबडला. दयाबाई आतून पटकन म्हणाली, "ड्यूटी करून आलेला मानूस, डोळा लागला आसंल."

पण तो झोपला नव्हता. बासरी वाजत होती तेव्हा तो बोटानं मांडीवर ठेका धरत होता. तिनं पाहिलं होतं.

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. पूर्वी मागच्या बाकाचा हट्ट धरणारा माणूस हल्ली पुढं, पार पडद्याजवळ बसू म्हणायचा. त्याची मतं आता सगळी आवाजाची असायची. अमक्याचं बोलणं चांगलं, तमकीचा गळा चांगला. कोण कसं दिसलं, कुणी काय नेसलं, यातलं तो काहीच बोलत नव्हता. चहाची बशी उचलताना हात आधी जमिनीवरून सरपटत जायचा.

पुढच्या शुक्रवारी परत येताना रस्त्यात ती म्हणाली, "त्या पाटलिणीची नथ काय सुरेख व्हती, न्हाई?"

त्या सिनेमात पाटलीण विधवा होती. नाकात काही नव्हतं, कपाळ मोकळं होतं.

"व्हय," विल्यम म्हणाला. "नथ झ्याक होती. शोभत होती तिला."

रस्त्याच्या कडेला दगड होता, त्यावर दयाबाई बसली. तो चार पावलं पुढं जाऊन थांबला आणि भलत्याच बाजूला तोंड करून म्हणाला, "काय झालं गं?"

घरी आल्यावर तिनं सरळ विचारलं. तो आधी चिडला, मग सगळं बोलला. वर्षभर असं होत होतं. समोरचं मधे तेवढं पुसट दिसायचं, कडेनं काळं. संध्याकाळ झाली की तेही नाही. पुण्याला एका डॉक्टरला गुपचूप दाखवलं होतं. डोळ्यामागची शीर सुकत चाललीय, औषध नाही, ऑपरेशन नाही.

"आन् इंजिन कसं चालवता?"

"हाताला सगळं ठावं हाय. फायरमन सिग्नल बोलतो. हौसराव ओरडतो, त्याच्या आवाजावर थांबतो."

"आन् तो ओरडला न्हाई तर?"

"ओरडतोच तो."

"तपासणीत कसं पास झाला?"

"पाटीवरची अक्षरं पाठ हायती मला." मग खालच्या आवाजात म्हणाला, "दया, मला खाली उतरवू नको. बोर्डिंगमधनं आल्यावर इंजिन पुसत पुसत मी वर चढलोय. नाताळ होऊ दे, मीच सांगतो."

नाताळ झाला. मग तो म्हणाला, ईस्टर होऊ दे.

दयाबाईला यार्डातून डबे आपटल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. मग हौसरावची हाळी ऐकू आली की ती पुन्हा कामाला लागायची. असं दिवसातून कितीदा. धुरपदा सकाळी दारात येऊन ताक मागायची, तेव्हा दयाबाईला तिच्या तोंडाकडं बघवत नसे.

एका दुपारी विल्यम ड्यूटीवर गेला होता आणि हौसराव घरी होता. दयाबाई त्याच्या दारात गेली. धुरपदा दळणाला गेलेली. दयाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली. हौसरावनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा काही बदलला नाही.

"मला वाटायचंच, वैनी," तो म्हणाला. "मागच्या म्हयन्यात झेंडा दाखवला तरी इंजिन येतंच ऱ्हायलं. उडी मारली म्हणून वाचलो."

"मग बोलला का न्हाईत?"

"विल्यमभाऊला काय बोलू?" तो म्हणाला. "तुम्ही जावा घरी. तुमचं नाव निघायचं न्हाई."

त्यानंतर दोन दिवसांनी हौसराव शेडच्या फोरमनकडं गेला. विल्यमला तपासणीला पुण्याला पाठवलं. तिथली पाटी वेगळी होती.

त्याला इंजिनावरून उतरवलं आणि स्टोअरच्या दारात स्टुलावर बसवलं. आलेल्यागेलेल्याला नाव विचारायचं, एवढंच काम. पगार कमी झाला, पण त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. चाळीतली पोरं अजून त्याला डायवरकाका म्हणायची, ते ऐकलं की तो उठून आत जायचा.

हौसरावनं सांगितलं हे त्याला शेडमधून कळलं. त्या संध्याकाळी हौसराव स्वतः ओट्यापाशी आला.

"विल्यमभाऊ."

"कोण हाय?" विल्यम म्हणाला. आवाज ओळखूनही म्हणाला.

"मी, हौसराव."

"वळखीचं नाव न्हाई."

दाराआड दयाबाई होती. हौसरावनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि तो निघून गेला.

विल्यमनं सिनेमा सोडला. शनिवारी कुणी विचारायला आलं तर म्हणायचा, "आता दुसऱ्या कुणाला इचारा." मग लोक येईनासे झाले. घरात पुन्हा मुलगा गेल्यानंतरचे दिवस आले. ती ताट वाढायची, तो जेवायचा. हौसरावच्या घरचं काही आलेलं असलं तर वासानंच ओळखून बाजूला सारायचा. आणि रोज एकदा तरी म्हणायचा, "काय झालं असतं? इतके दिवस काय झालं होतं? पण त्याला माझं पोट बघवलं न्हाई." दयाबाई ऐकायची. एकदोनदा खरं काय ते तिच्या ओठांवर आलं, पण मग या माणसाजवळ कोणीच उरणार नाही असं वाटून तिनं ते गिळलं. की आपल्याजवळ कोणी उरणार नाही, याची भीती होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अशी पाच वर्षं गेली. चौसष्टच्या पावसाळ्यात हौसरावला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग दवाखाना. ती वाढतच गेली. धुरपदा एकदा दारात येऊन दयाबाईला हळूच म्हणाली, "भाऊंना म्हणावं, एकदा येऊन जा." दयाबाईनं निरोप सांगितला. विल्यम म्हणाला, "मला दिसत न्हाई. कुठं जाऊ?"

हौसराव गेला तेव्हा सारी चाळ बाहेर होती. विल्यम खोलीत बसून होता. तिरडी उचलली, रडणं लांब गेलं, आणि तो म्हणाला, "गेला का तो?"

दयाबाई त्याच्यासमोर बसली. "त्यानं आपणहून काय केलं न्हाई. मी सांगितलं त्याला. त्याच्या दारात जाऊन मी सांगितलं."

विल्यमनं मान वर केली. आता त्याचे डोळे तिच्या तोंडावर ठरत नसत, खांद्याच्या पलीकडं कुठंतरी जायचे.

"त्याला ठावं होतं? म्हंजी माझं?"

"आधीपासून ठावं होतं. एकदा चेंगरता चेंगरता वाचला होता. तरी बोलला न्हाई."

"आन् तू पाच वर्सं माझ्या पुढ्यात जेवलीस."

"व्हय."

तो उठला. तिनं हात धरायला पुढं केला, तो त्यानं झटकला. भिंतीला हात लावत लावत तो शेजारच्या दारापर्यंत गेला. आत बायका होत्या, त्यांनी वाट करून दिली. धुरपदानं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "बसा, भाऊ."

तो उभाच राहिला. म्हणाला, "काय म्हणत होता?"

"इचारत होते, आला का म्हणून," धुरपदा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. "चार दिस इचारत होते. मग शुद्ध गेली."

महिन्याभरात धुरपदाला रेल्वेची खोली सोडावी लागली. ती निमोण्याला दिराकडं गेली. पुढं विल्यमही निवृत्त झाला आणि दोघं शिरूरला मिशनच्या आवारात एका खोलीत राहायला आली. तोवर त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तो दयाबाईशी बोलायचा, कामापुरतं. पाणी दे, कोण आलंय, घंटा झाली का. थंडीत नदीकाठी तंबूतला सिनेमा यायचा. शेजारणींच्या आग्रहानं दयाबाई एकदा जाऊन आली. आल्यावर त्याच्या उशाशी बसून सांगायला लागली, तर त्यानं भिंतीकडं तोंड केलं. ती पुन्हा गेली नाही.

एका सकाळी चहा घेता घेता त्यानं विचारलं, "निमोण्याची एस.टी. किती वाजता असती?"

"धाची एक हाय. मग दुपारची."

"अस्सं," तो म्हणाला.

तिनं त्याचा कोट झटकून खुंटीला अडकवला, काठी दाराशी ठेवली. दहा वाजून गेले. दुपारची गाडीही गेली. तो बाजेवरच बसून होता. संध्याकाळी तिनं कोट परत पेटीत ठेवला.