रुआँमधल्या चपला

धुळीचं वादळ ओसरल्यावर इथे आखातात, महबूला वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये चपला पुसत बसलो होतो. बायकोची, सुलभाची, कोल्हापुरी हाती आली आणि फ्रान्समधल्या रुआँची ती गल्ली आठवली.

तिच्या ऑपरेशननंतरची आमची पहिली सहल. सवयीनं तिनं कॅथेड्रलच्या दाराशी चपला काढल्या. बाहेर आलो तर गायब!

"अहो, देवळातून चपला गेल्या, म्हणजे पीडा गेली!" ती हसली. मग उन्हानं तापलेल्या दगडांवरून, बेकरीतल्या लोण्याच्या वासातून, गल्लीतल्या कमानीवरच्या मोठ्या घड्याळापर्यंत अनवाणीच तरंगत गेली.

घड्याळाखाली चर्चचा म्हातारा राखणदार धापा टाकत आला, जपून ठेवलेल्या चपला घेऊन.

"आली परत," ती पुटपुटली. तेव्हा मला हसू आवरेना.

उद्या तिचा नवा रिपोर्ट येणार आहे. पुसलेल्या चपला मी आज दाराबाहेर ठेवल्या.