टाळूवरचा नकार

आमच्या खानदेशात बाईमाणूस 'नाही' फारसं तोंडाने म्हणत नाही. जीभ टाळूला लावून 'च्' करते, भुवया जरा वर करते, झालं. माझी आई दिवसातून पन्नासदा करायची. चहा घेतेस का? च्. बाजारात येतेस का? च्. मी त्या आवाजावरच वाढले, आणि तरीही मी तो ऐकू शकले नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी शहाद्यात राहते आणि एका संशोधन प्रकल्पासाठी बायकांच्या मुलाखती घेते. पूर्वी गावात जायचे. ओट्यावर बसायचं, शेंगा सोलू लागायचं, सासू आली की विषय बदलायचा, गेली की पुन्हा सुरू. टाळेबंदीत हे सगळं फोनवर आलं. टाळेबंदी उठली तरी प्रकल्प चालवणाऱ्या पुण्याच्या मॅडमना फोनच आवडू लागला. आठवड्यात दोन मुलाखती व्हायच्या, तिथे आठ होऊ लागल्या. उंटावरून शेळ्या हाकायला कोणाला नको असतं? अहवालात मात्र या मुलाखतींना 'सखोल' म्हणत.

ती बाई कापूस वेचायला जाणारी, दोन मुलींची आई. तिचं गाव माझ्या घरापासून बसने पाऊण तासावर. पाऊण तास! मी गेले नाही. तिने बांधावरच्या बाभळीखाली बसून फोन घेतला, बाकीच्या बाया लांब गेल्यावर. रेंज कमी म्हणून मीच तिला म्हटलं, चित्र बंद करा, नुसतं बोला. मग तिने सांगितलं की मुलगा होईपर्यंत सासू थांबणार नाही, म्हणून ती दवाखान्यात जाऊन गुपचूप पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेते. घरी सांगते, दात दुखतो. सांगताना हसली. "मन्हा दात दर तीन महिनाले दुखस," म्हणाली.

शेवटी मी संमतीचा नेमाचा प्रश्न विचारला: "हाई दुसरा लोकेस्ले ऐकाडू का?" दोन क्षण काही नाही. मग ती म्हणाली, "बरं, ठेवस ताई." आणि फोन ठेवला. मी तक्त्यात संमतीच्या रकान्यात लिहिलं: बरं.

मॅडमनी तो दाताचा तुकडा गावोगावच्या आशा सेविकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात ऐकवला. नाव काढलं होतं. आवाज कसा काढणार? कोणीतरी तो मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला आणि आठवडाभरात तो तिच्या गावात, तिच्या दिराच्या फोनवर पोचला. त्या बाईने आख्खं शेत मध्ये ठेवून गुपित सांभाळलं होतं. फोडलं आम्ही, शिकल्यासवरल्यांनी. मॅडम म्हणाल्या, संमती होती ना, मग झालं.

मला स्वतःला वाचवायचं होतं म्हणून मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. माझा प्रश्न, मग ते दोन क्षण, मग 'बरं'. त्या दोन क्षणांत मागचा वाराही नव्हता, इतकं साफ. आमच्या कार्यालयातल्या संगणकवाल्याने सहज सांगितलं, "आपलं कॉलचं ॲप खुडबुडीचे आवाज काढून टाकतं, ताई. टकटक, खटखट, सगळं." मला कळलं होतं काय काढलंय ते.

दुसऱ्या दिवशी मी बस पकडली. सासरी ती नव्हती. सासू दारातूनच म्हणाली, माहेरी धाडलं तिला, पोरी इथेच राहतील. मी तिच्या माहेरी गेले, सारंगखेड्याच्या बाजूला. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला समोर कधी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज ओळखला आणि पाणी आणून दिलं. मी माफी मागितली. लाज वाटत होती, आणि तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ताई, मी तव्हय नहीच म्हनेल व्हतं," ती म्हणाली. "तुमले ऐकू नही उनं का?"

मी ॲपचं सांगणार होते. नाही सांगितलं. तिला काय त्याचं?

"पोरी कश्या शेतस?" मी विचारलं.

"माले काय माहीत? फोनवर बोलू देतस नही."

मग मी म्हटलं, मी तुमच्या सासूबाईंशी बोलते, समजावते, माझी चूक होती म्हणून सांगते. बोलू का?

तिने सुपातून एक खडा उचलून अंगणात टाकला आणि भुवया वर केल्या.

च्.

हातभर अंतरावरून मला तो अगदी नीट ऐकू आला.