नवस बोलायचा की फेडायचा

अण्णांचा ताप उतरत नव्हता. दवाखान्यात पडून त्यांना आठवडा उलटून गेला होता. सलाईन चालू, इंजेक्शनं चालू, आणि तरी दुपार कलली की अंग तव्यासारखं तापायचं. डॉक्टर म्हणायचे, "वाट बघू." कशाची वाट, ते काही बोलायचे नाहीत. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते, कारण त्यासाठी अण्णांनी छावणीतल्या लाकडाच्या वखारीत पाठ झिजवली आहे. पण त्या दिवसांत माझ्या पदवीचा उपयोग एवढाच, की औषधाच्या बाटलीवरचं नाव मला वाचता येत होतं. पुढं काय होणार, ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

अशात एका सकाळी अण्णा म्हणाले, "यंदा देवीला जाणं झालं नाय. माझ्या वाटचं तू जाऊन ये."

आमचं मूळ गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं. देवीचं देऊळ तेवढं पलीकडच्या टेकाडावर असल्यानं वाचलं. दर चैत्रात अण्णा एसटीनं फाट्यापर्यंत, तिथून पायी, मग होडीनं आणि पुन्हा पायी असे जायचे. लांबून गाडीरस्ता झालेला, पण त्यांना तो मान्य नव्हता. आपलं गाव पाण्याखाली आहे, त्याच्या डोक्यावरून जाताना हात जोडायचे, असा त्यांचा नेम.

मी म्हणाले, "अण्णा, ताप औषधानं उतरतो, नारळानं नाही."

"व्हय ना. मग औषध डॉक्टर देतोय, नारळ तू दे. कुणाचं काम कुणी अडवायचं नाय."

"वाद नको घालूस गं," आई म्हणाली, "आधीच त्यांचं तोंड कोरडं पडलंय."

मी निघाले. पैसे बेताचे, पिशवीत भाकरी-ठेचा आणि नारळ. एकटीनं प्रवास करायची पहिलीच वेळ. होडी दिवसातून एकदाच परतते, म्हणजे रात्र देवळातच काढायची, आणि तिकडं फोन नाही. मी तिकडं असताना इकडं काही झालं तर? स्टँडवर एसटीच्या पायरीवर चढले, खाली उतरले, पुन्हा चढले. कंडक्टर वैतागला. "बाई, चढायचं का उतरायचं ते एकदा ठरवा. गाडी पैठणला चाललीय, काशीला नाय." मागून कुणीतरी हसलं. रागानं मी जी आत शिरले ती बसलेच. देवीनं बोलावलं वगैरे काही नाही, मी रागानं गेले, हे खरं तेच लिहिते.

फाट्यावर उतरून चालायला लागले. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या, सावलीचं नाव नाही. अण्णांनी सांगितलं होतं, पिंपळ दिसला की खाली उतर, पाण्याशीच उतरशील. पिंपळ दिसला. खाली पाणीच नव्हतं. भेगाळलेला गाळ, त्यात मध्ये मध्ये टरबुजाचे वेल, आणि पाणी कुठं तरी लांब, पत्र्यासारखं चमकणारं. गाळातून पायवाटा चारी दिशांना गेलेल्या. माणूस दिसेना. पिंपळाखाली उभी राहून मला काही केल्या कळेना, की चुकीच्या जागी आले, की चुकीच्या वेळी आले, की यायलाच नको होतं. परतीची एसटी मिळाली तर दिवेलागणीला अण्णांपाशी असेन. आणि परतले, तर त्यांना काय सांगू? पाणी सापडलं नाही?

देवाशी बोलायची मला सवय नव्हती. तरी मोठ्यानंच म्हणाले, "आई, जाऊ का फिरू? काय ते एकदा सांग."

लांबून, वाऱ्यावरून आरोळी आली. "उतार पडलाऽऽ! उतार पडला होऽऽ!"

तापाला उतार पडला! आठ दिवस ज्या एका शब्दासाठी आम्ही मायलेकी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होतो, तो शब्द उघड्या माळावर मला ऐकू आला होता. पदर तोंडात धरून मी रडले.

तेवढ्यात लुंगी खोचलेला एक माणूस गाळ तुडवत आला. "अहो ताई, किती वरडायचं? पाण्याला उतार पडलाय. नाव इथं नाय लागत आता, तिकडं वेलांच्या अंगाला लागती. चला बिगीबिगी." तो होडीवाला होता. पाण्याला उतार! मी डोळे पुसले आणि मुकाट त्याच्या मागं चालू लागले. हसावं की आणखी रडावं, समजेना.

होडीत एक बांगडीवाली म्हातारी टोपली घेऊन बसलेली. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत होते. "कायकू रोती, बेटी?" तिनं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, अगदी माझी फजितीसुद्धा. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "पानी का उतार, बुखार का उतार, देनेवाला एकीच है."

"खाला, तुमी बांगड्या विका," होडीवाला वल्हं मारत म्हणाला. "कीर्तनाला गावात बुवा हाय."

"तेरे बुवा से तो मेरी जबान मीठीच है."

होडी डुलायला लागली तशी मी घाबरले. पोहता कुठं येतं मला! खालानं माझं मनगट धरलं ते पलीकडचा काठ येईपर्यंत सोडलं नाही. गावावरून जाताना हात जोडायचे होते. एक हात तिच्याकडं होता, मी दुसरा कपाळाला लावला.

टेकाड चढून देवळात पोचले तेव्हा ऊन कललं होतं. गुरवाची म्हातारी झाडलोट करत होती. नारळ घेऊन तिनं विचारलं, "नवस बोलायचाय का फेडायचाय? बोलायचा असला तर बांधते. फेडायचा असला तर फोडते."

ती आरोळी खरी असेल तर आभार मानायचे, नारळ फोडायचा. ती नुसती पाण्याचीच असेल तर अजून मागायचंय, बांधायचा. चुकून फोडला आणि तिकडं अण्णा तापातच असले तर? बांधला आणि देवीनं आधीच दिलेलं असलं, तर ते नाकारल्यासारखं नाही का?

"मला माहीत नाही, आजी," मी म्हणाले.

"आगं, तुजा नवस आन् तुलाच ठावं नाय?" तिनं नारळ माझ्या हातात परत दिला. "मग ठिव तिच्या पायाशी. तिचं ती बघंल."

मी ठेवला. सांगते ते एवढंच, की ठेवताना हात हलके झाले. त्या रात्री ओवरीत, उशाला पिशवी घेऊन, मला आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचले तर अण्णा उशीला टेकून मऊ भात खात होते. "ताप गेला गं," आई म्हणाली. 'कधी?' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी आरोळी ऐकली तेव्हा, की नारळ ठेवला तेव्हा, की मी घर सोडायच्या आधीच? विचारलं असतं तर एका शब्दात निकाल लागला असता. मी विचारलं नाही. आई आपणहून सांगायला लागली तर मी म्हटलं, "राहू दे, त्यांना आधी जेवू दे."

आजही मला ते माहीत नाही. हात जोडते तेव्हा मागत असते की आभार मानत असते, हेही धड सांगता येत नाही. पूर्वी ही गोष्ट मला छळली असती. आता नुसते हात जोडते.