पिवळी साडी आणि कुरडयांचा चीक

आमच्या नवीन जालन्यातल्या कॉलनीच्या बायकांनी मला त्यांच्या ग्रुपात घेतलं, ते माझे गहू भिजत पडले होते म्हणून. त्यांना ‘पारंपरिक कुरडया’ असा व्हिडिओ करायचा होता. पण गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटून चीक काढा, हा कुटाणा करणार कोण? मी आयतीच सापडले. लगेच फर्मान निघालं, सगळ्यांनी पिवळी साडी नेसायची. मी नवी कोरी घेऊन आले. लग्नाचा शालूसुद्धा मी इतकी उलथापालथ करून निवडला नव्हता.

अडचण एवढीच होती की माझ्या कुरडया दरवर्षी जुन्या जालन्यातल्या माझ्या दोन मैत्रिणी येऊन करू लागतात. एक शिवणकाम करते, ईदच्या शीरखुर्म्याचा पहिला डबा माझ्या घरी पाठवते. दुसरी मूळची जाफराबादकडची, गहू तिच्याच शेतातला. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशी आमची पाळी असते. त्या दिवशी माझी होती. दोघी सकाळीच सोऱ्या घेऊन रिक्षातून उतरल्या. अंगावर जुनेपाने कपडे, कारण चीक उडतो हे त्यांना ठाऊक.

गच्चीवर तीन विटांची चूल मांडली होती. गॅस व्हिडिओत शोभत नाही म्हणे. भोवती सगळ्या पिवळ्याधमक बायका, जणू कुणाची हळद आहे. मी चीक हाटवत बसले होते, तेवढ्यात ग्रुपच्या म्होरक्या वहिनी माझ्या कानाशी लागल्या. “अहो, त्या दोघी जरा जिन्यात बसतील का? रंग बिघडतोय.”

नाही म्हणावं तर ज्या ग्रुपासाठी दोन वर्षं झुरले तो हातचा जातो. हो म्हणावं तर या दोघी काही न बोलता उतरून जातील आणि परत माझी पायरी चढणार नाहीत. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

चीक आळायला लागला आणि वहिनी ओरडल्या, “थांबा, थांबा! हात थांबवा आणि इकडं बघून हसा!”

चिकात हात थांबला की गाठी होतात, आणि गाठी झाल्या की वर्षाच्या कुरडया गेल्या. हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मी थांबले. हसलेसुद्धा!

“अगं, रुकू नको! बराबर हाटव!” शिवणवाली किंचाळली.

जाफराबादवालीनं धावत येऊन पातेलं फडक्यानं घट्ट धरलं. “हसून काय राह्यली? मंग वर्षभर गाठी तळून खाशील का?”

माझं डोकंच फिरलं. “वहिनी,” मी म्हणाले, “जिन्यात तुम्हीच बसा.” आणि असा दांडा फिरवला की चिकाचे शिंतोडे पुढच्या पिवळ्या रांगेवर गेले. आरडाओरडा झाला, रांग मोडली. त्या गडबडीत चुलीची ठिणगी उडून माझ्या पदराला भोक पडलं.

दुपारपर्यंत मला ग्रुपातून काढलं होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गरम चिकावर तेल घालून तिघींनी एकाच ताटात खाल्लं, तेव्हा बरं वाटलं. गाठ एकही नव्हती.

यंदा परत माझी पाळी आली. मी शिवणवालीपुढं ती पिवळी साडी ठेवली आणि भोक रफू करून मागितलं.

“कशाला?” ती म्हणाली. “परत तिकडं जायचंय का?”

मी “छे” म्हणून मान हलवली. तिनं साडी घेतली, गच्चीवर लांबच लांब अंथरली आणि पहिली कुरडई बरोबर त्या भोकावर घातली.