दोसानच्या पेशी

ऐनाश आमच्या अलमाटीच्या संस्थेत वीस वर्षं संशोधन करते आहे आणि मला तिचा फार अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. मी क्लारा, तिची प्रयोगशाळेतली मदतनीस. वडिलांच्या कंपवातापायी ती मेंदूच्या अभ्यासाकडे वळली. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी तयार करायच्या, त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवायच्या आणि बिघाड कुठे आहे ते शोधायचं, हे तिचं काम. पुढे तेच तिने भुकेच्या बाबतीत करायला घेतलं, ते धाकट्या भावासाठी.

दोसान दीडशे किलोचा. घरच्या मेजवानीत त्यांचे काका स्वतःच त्याच्यापुढे घोड्याच्या मांसाचा ढीग सरकवायचे आणि वर म्हणायचे, "याला वाढत बसण्यापेक्षा घोडाच याच्या हवाली करा." दोसान म्हणायचा, "काका, मला खरंच भूक आहे." सगळे हसायचे. मीही हसले आहे.

ऐनाशने त्याच्या आणि एका सडपातळ माणसाच्या रक्तातून भूक सांभाळणाऱ्या पेशी वाढवल्या. तीन महिने लागले. चाचणीआधी दोन्ही चार तास उपाशी ठेवायच्या, मग ‘पुरे’ असा निरोप देणारं संप्रेरक घालायचं. तिथे मी अक्कल गहाण टाकली. दोसान दर शुक्रवारी माझ्यासाठी बाउरसाक, म्हणजे कणकेचे गरम फुगीर गोळे, तळून आणणारा माणूस. त्याच्याच पेशी उपाशी ठेवायला मन धजेना. मी हळूच थोडं खाद्य घातलं.

निकाल झकास आला. त्या दुसऱ्याच्या पेशींनी निरोप ऐकला, दोसानच्या पेशींनी नाही. ऐनाश नाचायचीच बाकी होती. मोठ्या परिषदेला निबंध पाठवायला दहा दिवस उरले होते. पण तो फरक मी चोरून घातलेल्या खाद्यानेही पडला असू शकत होता. शेवटी कबूल केलं.

ती म्हणाली, "क्लाराताई, पेशींचाही पाहुणचार?" आणि उठून पेशींच्या सगळ्या बशा कचऱ्यात टाकल्या. परिषद हुकली. माझी नोकरी मात्र तिने ठेवली.

पुन्हा तीन महिने, पुन्हा चाचणी, मग आणखी दोनदा. फरक पहिल्याइतका ठळक नव्हता, पण दरवेळी होता.

त्या उन्हाळ्यात मेजवानीला काकांनी परत घोड्याचं काढलं. ऐनाश म्हणाली, "काका, तो हावरट नाही. पोट भरल्याचा निरोप त्याच्या मेंदूला नीट ऐकूच येत नाही. तीनदा तपासलंय मी."

दोसानने हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो?"

"नाही रे."

त्रेचाळीस वर्षांचा तो माणूस सगळ्यांदेखत रडला, आणि कोणी हसलं नाही.