वाटणीत मिळालेलं कांडप

शेजारी कुणी मिरची भाजली, की सिरसाळ्यात आम्ही नवरा-बायकोनं मिळून चालवलेलं मसाल्याचं कांडप आठवतं. काडीमोडाच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीन तिलाच ऱ्हाऊ द्या." इतक्या सहज त्यानं कधी काही सोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एकटीनं शटर उघडलं. आत धन्याची धूळ तरंगत होती, नाक चुरचुरत होतं. मशीनवर हात ठेवणार, तोच सासू धापा टाकत दारात आली. "हात नको लावूस, पोरी! त्यानं उघडी वायर जोडून ठेवलीय. म्या बघितलंय." सासू त्या घरी परत गेली नाही. मशीन विकून आम्ही दोघी अंबाजोगाईला आलो. तो अजूनही इथं बाजाराला आला की भेटतो, हसून विचारतो, "बरं हाय ना?"